दिवे, हॉर्न, हौदा जोडला की आरसी ट्रक मधेच थिजतो: कारण कसं शोधायचं आणि उपाय काय

लक्षण असं असतं. रेडिओ रिमोटवर चालणारा छोटा ट्रक, म्हणजे आरसी ट्रक, सरळ रेषेत झकास चालतो. वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, त्याच क्षणी गिअर बदलला आणि दिवे लागलेले असले, की सगळं थिजतं. हेडलाइट विझतात, इंजिनाचा आवाज तुटतो, पुढची चाकं वळलेली तशीच राहतात. एक-दोन सेकंदांनी ट्रक आपोआप शुद्धीवर येतो आणि चालायला लागतो. बॅटरी काढून पुन्हा लावली, रिमोट नव्याने बाइंड केला, म्हणजे ट्रकच्या रिसीव्हरशी जोडून घेतला, की थोडा वेळ बरं चालतं, म्हणून वाटतं काम झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

माझा ट्रक १:१४ मापाचा, तीन आसांचा डंपर आहे. ५४० मोटर, तीन गिअर. डब्यातून काढून बांधला तेव्हा त्यात तीनच चॅनेल, म्हणजे रिमोटच्या हुकमाचे वेगळे मार्ग, होते: स्टिअरिंग, थ्रॉटल आणि गिअरचा सर्वो (हुकूम मिळेल तेवढंच फिरून थांबणारी छोटी मोटर). वर्षभर एकदाही अडला नाही. मग मी २२ एलईडी लावले, इंजिनाच्या आवाजाचं साउंड युनिट बसवलं, आणि शेवटी हौदा उचलणारी मोटर. सगळं एकाच रिसीव्हरच्या, म्हणजे रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या डबीच्या, पोर्टांवर. थिजणं सुरू झालं ते हौदा बसवल्यानंतर, पण खरं तर साउंड युनिट लावलं तेव्हापासूनच ट्रक अधूनमधून हलकासा अडखळत होता. त्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

मी आधी रिसीव्हर बदलला. मग अँटेना केबिनच्या छतापर्यंत नेली. मग ट्रान्समीटरच्या, म्हणजे हातातल्या रिमोटच्या, बॅटऱ्या बदलल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं ते चाललं होतं. ट्रकला नवीन वस्तू जोडल्यावर असा त्रास सुरू झाला, तर बहुतेक वेळा रेडिओचा काही दोष नसतो. चॅनेल कमी पडले असंही नसतं. रिसीव्हरला मिळणारी वीज क्षणभर पडते, एवढंच. हे मला कळलं ते आवाजावरून, आणि ती खूण आधी सांगते, कारण ती बघायला मीटरसुद्धा लागत नाही.

आवाज ऐका

ट्रक थिजून पुन्हा सुरू झाला की साउंड युनिटमधून काय ऐकू येतं ते नीट ऐका. माझ्या ट्रकमध्ये दर वेळी आधी स्टार्टरची खर्र-खर्र, मग इंजिन धरल्याचा आवाज, मग आयडलिंग, असा क्रम यायचा. सिग्नल तुटला असता तर युनिटला वीज मिळतच राहिली असती आणि इंजिन नुसतं आयडलिंगवर घुरघुरत राहिलं असतं. पहिल्यापासून स्टार्ट होतंय, म्हणजे युनिटची वीजच गेली होती. ते आणि रिसीव्हर एकाच लाल वायरवर असतील तर रिसीव्हरचीही गेली.

साउंड युनिट नसेल तर दिव्यांकडे बघा. काही लाइट मॉड्यूल स्विचच्या झटक्यांची मोजणी ठेवतात: एका झटक्याला पार्किंग लाइट, दुसऱ्याला हेडलाइट, तिसऱ्याला वरचे पिवळे दिवे. थिजण्याआधी तुम्ही तिसऱ्या पायरीवर होतात आणि नंतर सगळे दिवे विझलेलेच राहिले, तर मॉड्यूल रिसेट झालंय.

ट्रक थिजत नाही, नुसता थरथरतोय, चाकं डावी-उजवीकडे चुळबुळ करतायत, एखादा दिवा आपोआप लुकलुकतोय, तर ते दुखणं वेगळं. त्याबद्दल पुढे लिहिलंय. थिजणं आणि थरथरणं यांची गल्लत केली की आठवडे वाया जातात.

वीज कुठून येते आणि का पडते

मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ईएससीच्या पोटात एक छोटा पुरवठा असतो, बीईसी. बॅटरीचे ७.२ किंवा ७.४ व्होल्ट तो ५ किंवा ६ व्होल्टवर आणतो आणि तीन वायरींच्या प्लगमधून रिसीव्हरला देतो. रिसीव्हरच्या सगळ्या पोर्टांच्या मधल्या पिना आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. म्हणजे तुम्ही जे जे रिसीव्हरला लावाल ते सगळं त्या एका बीईसीवर जगतं.

आता माझ्या ट्रकचा हिशोब. प्रत्येक एलईडीला १३ मिलिअँपिअर धरले तर २२ दिव्यांचे साधारण २९० मिलिअँपिअर. साधा स्टिअरिंग सर्वो मोकळा फिरताना दोन-तीनशे मिलिअँपिअर घेतो, पण चाक अडलं की १ अँपिअरच्या वर जातो. जास्त ताकदीचा मेटल गिअरचा असेल तर २ अँपिअर सहज. गिअरचा सर्वो वेगळा. साउंड युनिट मोठ्या आवाजात अर्धा अँपिअर ओढतं. भरलेला हौदा उचलताना त्या मोटरचाही तेवढाच, आणि ती अडली तर दीड अँपिअर. सगळं एका क्षणी एकत्र आलं तर ३ अँपिअरच्या पुढे. आणि ब्रश मोटरच्या बऱ्याच साध्या ईएससींचा बीईसी १ ते २ अँपिअरचा असतो.

तो आकडासुद्धा पूर्ण खरा धरू नका. लिनिअर बीईसी जास्तीचे व्होल्ट उष्णता म्हणून फेकून देतो. दोन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) पूर्ण चार्ज असताना ८.४ व्होल्ट, त्यातून ५ करायचे तर ३.४ व्होल्ट जळतात. १ अँपिअरला ३.४ वॅट, तेही बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकड्यात, बंद केबिनखाली. ट्रक धावणाऱ्या कारसारखा वारा खात नाही, तो मुंगीच्या पावलांनी चालतो. तीन सेल लावले तर हाच आकडा १२.६ वजा ५, म्हणजे ७.६ वॅट. लिनिअर बीईसीच्या ईएससीवर तीन सेल आणि भरपूर दिवे हा मेळ जमतच नाही.

त्यामुळे थिजण्याची वेळ लिहून ठेवा. स्टिअरिंग फिरवल्याबरोबर, बॅटरी अर्धी झाल्यावर जास्त वेळा होत असेल, तर व्होल्टेज डुबकी मारतंय. दहा-पंधरा मिनिटांनी, विशेषतः पूर्ण चार्ज बॅटरीवर, काही खास न करताही होत असेल आणि थंड झाल्यावर बरं वाटत असेल, तर बीईसी तापून स्वतःला बंद करतोय.

२.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरमध्ये छोटा प्रोसेसर असतो. व्होल्टेज काही मिलिसेकंदच पडलं तरी तो रिसेट होतो, पुन्हा उठतो, ट्रान्समीटरला शोधतो, मग कामाला लागतो. त्या एक-दोन सेकंदांत ट्रक तुमच्या हातात नसतो. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या सेटमध्ये असलं काही नव्हतं, तिथे सर्वो नुसता दचकायचा. म्हणून जुन्या सेटवर चाललेली जोडणी नव्या सेटवर थिजू शकते.

खात्री करायचा क्रम

चेसिसखाली ठोकळा घाला, मागची चाकं अधांतरी हवीत. हे टाळू नका. रिसेट होऊन उठलेला ट्रक टेबलावरून उडी मारतो.

रिसीव्हरवर फक्त ईएससी आणि स्टिअरिंग ठेवा. पुढचं चाक हाताने धरून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पाच-सहा वेळा झटक्यात फिरवा. ठीक असेल तर गिअरचा सर्वो लावा आणि पुन्हा तेच. मग दिवे. मग आवाज. एका वेळी एकच वस्तू, आणि प्रत्येक वेळी स्टिअरिंगचा तोच छळ. ज्या वस्तूला थिजेल ती वस्तू दोषी असं मात्र म्हणू नका. ती फक्त उंटाच्या पाठीवरची शेवटची काडी असते.

मल्टिमीटर असेल तर एका जुन्या सर्वो वायरीचं टोक कापून ती रिकाम्या पोर्टात लावा आणि काळ्या-लाल वायरींवर व्होल्टेज मोजा. किमान आकडा धरून ठेवणारा मोड असेल तर तो वापरा. साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच वाचतो आणि सर्वो सुरू होतानाची डुबकी त्याला दिसतसुद्धा नाही. म्हणून मीटरवर ५.० चं ४.५ दिसलं तर प्रत्यक्षात त्याहून बरंच खाली गेलंय असं समजा. ट्रान्समीटरच्या पडद्यावर रिसीव्हरचं व्होल्टेज दाखवणारी टेलिमेट्री उपयोगी आहे, पण तीही अशीच सावकाश असते.

आणि निकाल लावणारी चाचणी ही. ईएससीच्या प्लगमधली लाल पिन काढा: प्लास्टिकची छोटी जीभ सुईने उचलायची, पिन मागून अलगद सरकते. तिच्यावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. मग रिसीव्हरच्या रिकाम्या पोर्टाला चार एनआयएमएच (निकेल मेटल हायड्राइड) सेलचा ४.८ व्होल्टचा पॅक लावा आणि सगळ्या वस्तूंसकट ट्रक चालवा. थिजणं पूर्ण थांबलं तर शोध संपला, पुरवठाच कमी पडत होता. थांबलं नाही तर वायरी, प्लग किंवा खुद्द रिसीव्हर. दहा मिनिटांची चाचणी आहे. मी ती दुसऱ्या आठवड्यात केली, पहिल्या दिवशी करायला हवी होती.

नवीन वस्तू विकत घेण्याआधी गिअरचा सर्वो

केबिन उतरवा, ट्रक स्थिर ठेवा आणि गिअरच्या सर्वोजवळ कान न्या. माझा सर्वो तिसऱ्या गिअरमध्ये बारीक, सतत गुणगुणत होता. ट्रान्समीटरवर त्या चॅनेलचा प्रवास १०० टक्के होता, पण गिअरचा दांडा त्याआधीच टेकत होता. सर्वो उरलेलं अंतर गाठायला अखंड जोर लावत बसला होता. मी मध्ये मीटर लावला तर ट्रक उभा असताना तो एकटाच ६०० मिलिअँपिअर घेत होता. एंडपॉइंट, म्हणजे त्या प्रवासाची टोकाची मर्यादा, ७८ टक्क्यांवर आणला, गुणगुण थांबली, करंट २० च्या खाली आला. तिन्ही गिअर तरीही पक्के पडतात.

स्टिअरिंगचंही असंच बघा. चाकं चेसिसला टेकल्यावरही सर्वो ढकलत असेल तर एंडपॉइंट कमी करा. हे फुकटचं काम आहे आणि अर्धे ट्रक एवढ्यानेच बरे होतात असा माझा अनुभव आहे.

खरा उपाय: दोन वेगळे पुरवठे

बॅटरीवरून थेट एक स्विचिंग प्रकारचा वेगळा बीईसी घ्या, त्याला सगळे यूबीईसी म्हणतात. ५ व्होल्ट, निदान ३ अँपिअर. हौदा किंवा विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) असेल तर ५. स्विचिंग असल्याने तो तुलनेत फारच कमी तापतो. तो दोन प्रकारे लावता येतो. एक, ईएससीची लाल पिन काढून सगळा ट्रकच यूबीईसीवर घ्यायचा. दोन, रिसीव्हर आणि स्टिअरिंग ईएससीच्या बीईसीवर ठेवायचं आणि दिवे, आवाज, हौदा हे सगळं यूबीईसीवर न्यायचं.

मला दुसरा प्रकार पटतो. दिव्यांच्या वायरी केबिनच्या दारातून, बंपरमधून, हौद्याच्या बिजागरीजवळून जातात, तिथे कधी ना कधी इन्सुलेशन घासून शॉर्ट होणारच. शॉर्ट झाला तर दिवे जावेत, स्टिअरिंग जाऊ नये. यूबीईसीच्या बॅटरीकडच्या लाल वायरीत ३ अँपिअरचा फ्यूज टाका, म्हणजे वायर जळण्याआधी तो जाईल.

दोन्ही पुरवठ्यांच्या काळ्या वायरी एकत्र हव्यातच, नाहीतर सिग्नलला आधारच उरत नाही आणि मॉड्यूल वेड्यासारखी वागतात. लाल वायरी मात्र कधीही एकत्र येऊ द्यायच्या नाहीत. याच नियमावर माझा ट्रक दुसऱ्यांदा अडकला.

बरा झालेला ट्रक पुन्हा का थिजला

यूबीईसी बसवल्यावर तीन आठवडे सगळं सुरळीत होतं. मग तेच थिजणं, तीच स्टार्टरची खर्र-खर्र. मला कळेना. पुरवठा वेगळा केलाय, मग आवाज रिसेट होतोच कसा?

रात्री दिवे बघत बसले होते. यूबीईसीचा स्विच मी बंद केला आणि मुख्य स्विच चालूच राहिला. दिवे विझायला हवे होते. विझले नाहीत, नुसते किंचित मंद झाले.

इंडिकेटर स्टिअरिंगबरोबर आपोआप लागावेत म्हणून मी स्टिअरिंगच्या पोर्टावरून वाय-केबलने एक फाटा लाइट मॉड्यूलला दिला होता. मॉड्यूलला तिथून फक्त सिग्नल हवा असतो. पण वाय-केबलमध्ये तिन्ही वायरी असतात, लालसुद्धा. त्या एका लाल वायरीने दोन्ही पुरवठे आतून जोडले गेले होते. आणि यूबीईसीच्या स्विचचा संपर्क हादऱ्यांनी सैल होऊन तो बहुतेक वेळ बंदच असायचा. दिवे विझले असते तर मला लगेच कळलं असतं. पण त्या लाल वायरीतून सगळा भार गुपचूप जुन्या बीईसीवर परत आला होता.

म्हणून नियम: ज्या मॉड्यूलला स्वतःची वीज आहे त्याच्याकडे रिसीव्हरकडून जाणाऱ्या प्रत्येक प्लगमधली लाल पिन काढा. सिग्नल आणि काळी, एवढंच जाऊ द्या. मॉड्यूल रिसीव्हरवरूनच वीज घेणारं असेल तर अर्थातच लाल ठेवा. लावून झालं की एकेक पुरवठा बंद करून बघा: यूबीईसी बंद केल्यावर एकही दिवा मिणमिणता कामा नये.

विंचसाठी दुसरा ईएससी लावणाऱ्यांनी तर याकडे डोळ्यात तेल घालून बघावं. त्या ईएससीच्याही पोटात बीईसी असतोच. त्याचा प्लग जसाच्या तसा रिसीव्हरला लावला की दोन बीईसी समांतर झाले. त्यातल्या एकाचं व्होल्टेज किंचित जास्त असतं, तोच जवळजवळ सगळा भार उचलतो आणि तापतो. एकाची लाल पिन काढायचीच.

वायरी आणि प्लग

हौशी लोक पुरवठा बदलतात आणि जुन्या बारीक वायरी तशाच ठेवतात. २६ गेजच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण ०.१३ ओहम. ६० सेंटिमीटरचं एक्स्टेंशन म्हणजे जाऊन-येऊन १.२ मीटर, ०.१६ ओहम. त्यातून दीड अँपिअर गेला की पाव व्होल्ट वाटेतच गेला, आणि मधल्या प्रत्येक प्लगचा तोटा वेगळा. ट्रेलरकडे जाणारी मुख्य वायर २२ गेजची, म्हणजे जास्त जाड, घ्या, रोध निम्म्याहून कमी होतो. वाय-केबलला वाय-केबल, तिला आणखी एक अशी माळ करू नका. एका छोट्या पीसीबीवर पुरवठ्याचे फाटे काढलेले कितीतरी बरे.

ट्रॅक्टर-ट्रेलर असेल तर कप्लिंगवरून जाणारी वायर संशयाच्या यादीत पहिली. ती रोज वळते, आणि वरचं इन्सुलेशन शाबूत राहून आतले धागे एकेक करून तुटतात. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा आणि वायर बोटांनी टोकापासून इंचाइंचाने वाकवत जा. जिथे बीपचा आवाज तुटेल तिथे कापा, सोल्डरचा नवा डाग द्या. सिलिकॉन इन्सुलेशनची, बारीक धाग्यांची वायर इथे टिकते.

रिकाम्या पोर्टात २२०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर लावायचा सल्ला तुम्हाला मिळेल. लावा, क्षणिक डुबकी तो भरून काढतो. पण कमी पडणाऱ्या बीईसीवर तो इलाज नाही. अडलेला सर्वो सेकंदभर ओढत राहिला तर कपॅसिटर केव्हाच रिकामा होतो. त्याची उणे बाजू पट्ट्याने दाखवलेली असते, ती काळ्या वायरीला. उलटा लावला तर तो फुटतो, डोळ्यांजवळ नको.

थरथरत असेल तर

इथे वीज कमी पडत नाही, ती घाण होते. ब्रश मोटर ठिणग्या उडवते आणि त्या ठिणग्यांचा गोंगाट वायरींतून फिरतो. मुख्य ५४० मोटरला बहुधा कपॅसिटर असतात. हौद्याची, ट्रेलरच्या पायांची, विंचची छोटी मोटर मात्र आपण बाहेरून आणून लावतो आणि तिला काहीच नसतं. तिच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा, ज्यावर १०४ लिहिलेलं असतं. जमलं तर प्रत्येक टोकापासून मोटरच्या धातूच्या अंगाला आणखी एकेक. डाग मोटरला लागूनच द्या, वायरीच्या दुसऱ्या टोकाला दिला तर उपयोग उरत नाही. मोटरच्या दोन वायरी एकमेकींत पिळून घ्या.

रिले वापरत असाल तर त्याच्या कॉइलवर उलटा डायोड हवा, १एन४००७ चालतो. तो नसेल तर रिले सुटताना उसळणारं व्होल्टेज शेजारच्या मॉड्यूलला रिसेट करू शकतं. हे मी मुद्दाम इथे सांगतेय, कारण तेव्हा लक्षण पुन्हा थिजण्यासारखंच दिसतं.

अँटेनाचं शेवटचं उघडं टोक साधारण ३१ मिलिमीटर असतं, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीचा चौथा भाग. ते कापू नका, गुंडाळू नका, ॲल्युमिनियमच्या चेसिसला चिकटवू नका. दोन अँटेना असतील तर एक उभी, एक आडवी.

दिवे मनाला येईल तेव्हा लागत असतील

चॅनेलचा सिग्नल म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी येणारा एक ठोका, १ ते २ मिलिसेकंद लांबीचा, मध्य १.५. साधा इलेक्ट्रॉनिक स्विच मध्याच्या आसपास निर्णय घेतो. तो चॅनेल ट्रान्समीटरवर नॉबला जोडलेला असेल, किंवा एंडपॉइंट ३०-४० टक्क्यांवर असेल, तर ठोका सीमारेषेजवळ घोटाळतो आणि दिवा फडफडतो. चॅनेल दोन टोकांच्या स्विचवर घ्या, एंडपॉइंट १०० टक्के करा, ट्रिम शून्य. बस्स.

पोर्ट कमी पडत असतील तर एस-बस देणारा रिसीव्हर आणि डिकोडर हा सरळ मार्ग आहे. एकाच वायरीतून १६ चॅनेल येतात आणि डिकोडर ते वेगळे करतो. एकाच ट्रान्समीटरला दोन रिसीव्हर बाइंड करणारेही आहेत, पण दोन्ही टेलिमेट्री पाठवत असतील तर एकमेकांच्या आड येतात, एकाची बंद करावी लागते.

लिपोवाल्यांसाठी

ईएससी बॅटरी उतरल्यावर मोटर थांबवतो, पण यूबीईसीला त्याचं काही घेणंदेणं नसतं. ईएससीचा स्विच बंद केला तरी यूबीईसी थेट बॅटरीवर असल्याने चालूच राहतो. मंद पार्किंग लाइट रात्रभर लागलेले राहिले तर सकाळी सेल ३ व्होल्टच्या खाली गेलेले सापडतात आणि ती बॅटरी मग भरवशाची राहत नाही. यूबीईसीला वेगळा स्विच द्या आणि बॅलन्स प्लगला, म्हणजे बॅटरीच्या प्रत्येक सेलची वायर असलेल्या छोट्या प्लगला, व्होल्टेजचा अलार्म लावा. मी तर घरी आले की बॅटरी ट्रकमधून काढूनच ठेवते.

फेलसेफही, म्हणजे सिग्नल तुटल्यावर काय व्हावं ती सेटिंग, याच वेळी लावा: थ्रॉटल न्यूट्रल, विंच बंद, हौद्याची मोटर थांबलेली. मागची चाकं अधांतरी ठेवून, हौदा उचलत असतानाच ट्रान्समीटर बंद करून बघा. हौदा जागच्या जागी थांबला पाहिजे. हौद्याच्या यंत्रणेला दोन्ही टोकांना लिमिट स्विच नसतील तर बसवा, नाहीतर मोटर टोकाला अडून तो दीड अँपिअर ओढतच राहते.

एवढं सगळं करूनही थिजत असेल तर स्टिअरिंगचा सर्वो बदलून बघा. झिजलेला सर्वो बाहेरून ठीक दिसतो आणि आत दुप्पट करंट खातो.

माझ्या डंपरमध्ये आता रिसीव्हरच्या रिकाम्या पोर्टावर एक छोटा डिजिटल व्होल्टमीटर आहे, केबिनच्या मागच्या खिडकीतून दिसेल असा चिकटवलेला. काल हौद्यात दीड किलो वाळू भरून, तिसऱ्या गिअरमधून पहिल्यावर आणत, चाकं पूर्ण वळवून, सगळे दिवे लावून उचलला. आकडा ५.०४ वरून ४.९६ वर आला आणि तिथेच थांबला.